सतरा सप्टेंबरचा खटला

दरवर्षी १७ सप्टेंबरला आमच्या परभणीच्या फुटबॉलवेड्या मंडळाचा मेळावा असतो. तारीख ठरवताना कुणी फार डोकं लावलेलं नाही. मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाची सुट्टी असते, झेंडावंदनामुळे अंगावर इस्त्रीचे कपडे असतातच. इंग्लंडातला हंगामही महिनाभर जुना झालेला असतो, त्यामुळे कोणता संघ घसरलाय आणि कोणत्या मॅनेजरची खुर्ची हलायला लागलीय हे तोवर दिसू लागतं. परभणीत फुटबॉल बघतं तरी कोण, असं बाहेरचे लोक हसून विचारतात. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ असं ज्या गावाबद्दल म्हणतात, तिथं जर्मनीचा सामना असताना झोपायची कुणाची हिंमत आहे?

मेळाव्याचा पहिला तास सगळीकडे असतो तसाच. दीपप्रज्वलन, अध्यक्षांचे दोन शब्द (दोनाचे दोनशे होतात), दहावी-बारावीच्या पोरांचा सत्कार, अहवालवाचन. खजिनदार म्हणून हिशेब मीच वाचतो आणि तो कुणीच ऐकत नाही, हेही आता अंगवळणी पडलंय. लोकांचे डोळे स्टेजच्या उजव्या बाजूला लावलेल्या दोन टेबलांकडे असतात. कारण त्यानंतर खटला.

आमच्याकडे वादविवाद स्पर्धा नाही, खटलाच चालतो. त्या वर्षी ज्याच्या पायातून गोल निघत नाहीत असा एक स्ट्रायकर आरोपी क्रमांक एक, आणि ज्याचा संघ गटांगळ्या खातोय असा एक मॅनेजर आरोपी क्रमांक दोन. न्यायाधीश म्हणून जे आजोबा बसतात त्यांची हयात खऱ्या कोर्टात शिरस्तेदारकी करण्यात गेली. त्यामुळे ‘हाजीर हो’चा पुकारा असा होतो की पहिल्या रांगेतली पोरं आपोआप ताठ बसतात. फिर्यादी पक्षाकडून मोंढ्यातले आमचे आडतवाले भाऊ. आणि आरोपींचे वकील, दरवर्षी, न चुकता, पीटीचे सर. सर जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, पण गळ्यातली शिट्टी काही निवृत्त झाली नाही.

खरं सांगायचं तर मी मेळाव्याला जातो तो सरांच्या भाषणासाठी. फिर्याद मांडणं सोपं असतं, गोल मोजायला बोटं पुरतात. पण ज्याच्यावर सगळं गाव हसायलंय त्याच्या बाजूनं उभं राहून बोलायचं, आणि निकाल विरोधात जाणार हे माहीत असून बोलायचं, हे ऐकताना माझा घसा दरवर्षी दाटतो. बायको म्हणते, एवढं तर तुम्ही लेकीच्या निरोपसमारंभातही गहिवरला नव्हता. असेल.

२०११ चा खटला आमच्याकडे अजून सांगितला जातो. आरोपी क्रमांक एक फर्नांडो टोरेस. आरोपी क्रमांक दोन चेल्सीचा मॅनेजर आंद्रे व्हिलास-बोआस, जो आपल्याच संघातल्या लॅम्पार्ड आणि द्रोग्बापेक्षा जेमतेम काही महिन्यांनी मोठा होता. टोरेसला त्या जानेवारीत चेल्सीनं लिव्हरपूलकडून पाच कोटी पौंडांना घेतलं होतं आणि मेपर्यंतच्या १८ सामन्यांत त्याचा गोल एक. नवा हंगाम लागला तरी पाटी कोरीच. भाऊंनी कॅल्क्युलेटर काढून पौंडाचे रुपये केले आणि आकडा माईकवर वाचला. ‘साडेतीनशे कोटींच्या वर! आन् गोल किती? येक! माय लॉर्ड, येवढ्या पैशात आख्ख्या जिल्ह्याचा कापूस येतो.’ हॉल नुसता दणाणला. मॅनेजरवर आरोप असा की दिसतंय तरी याला खेळवायलाय कशाला.

यात आमच्या जर्मनी गटाचा जुना हिशेबही होता, तो सांगायलाच हवा. २००८ च्या युरोच्या फायनलमध्ये व्हिएन्नाला स्पेननं जर्मनीला १-० हरवलं, तो एकमेव गोल याच टोरेसचा. तेव्हापासून मागच्या दोन रांगा त्याच्यावर दात ठेवून होत्या. त्या दिवशी त्या रांगांतून ज्या घोषणा आल्या त्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

मग सर उठले. आकडे त्यांच्याकडेही होते. लिव्हरपूलच्या पहिल्याच हंगामात लीगमध्ये २४ गोल. मग २०१० मध्ये एकाच गुडघ्यावर चार महिन्यांत दोन ऑपरेशनं, आणि तो गुडघा घेऊन वर्ल्ड कप. आकडे संपवून त्यांनी कागद खिशात घातला आणि माळेगावच्या जत्रेची गोष्ट काढली. एका शेतकऱ्यानं खंडोबाच्या जत्रेत लाल कंधारी बैल घेतला, जत्रेतला सगळ्यात महागडा. घरी आणून दुसऱ्याच्या जोडीला जुंपला. बैल चालेना. गावानं बैलाला नावं ठेवली. ‘त्याच्या जोडीचा बैल कुठंय, हे कुणी इचारलंच नाही,’ सर म्हणाले. ‘अरे, बॉल कुठं पडणार हे लिव्हरपूलमध्ये जेरार्डला त्याच्या आधी कळायचं. इथं त्याला बॉल पायात मिळू लालाय, आन् पुढं भिंत. जोड मोडून आणलेला बैल हाय हा. त्याला जोड द्या, नायतर चार महिने दम धरा. फटके कायले मारता?’

आमच्या हॉलमध्ये निम्मी माणसं शेतकऱ्यांच्या घरची. मागच्या रांगा गप्प झाल्या. तरी हात वर करून निकाल झाला तेव्हा टोरेस दोषीच ठरला, फरकही मोठा होता. मॅनेजर थोडक्यात सुटला, तेही पोरगं तरुण आहे म्हणून.

दुसऱ्याच दिवशी, रविवारी, ओल्ड ट्रॅफर्डवर मँचेस्टर युनायटेडविरुद्ध सामना. टोरेसनं दुसऱ्या डावाच्या सुरुवातीला गोलकीपरच्या डोक्यावरून अलगद गोल टाकला. सरांचा फोन बंद, त्यांना कुणी सांगावं? आणि शेवटी शेवटी तोच टोरेस गोलकीपरलाही चकवून पुढे गेला, समोर मोकळी जाळी, आणि बॉल बाहेर. सामना चेल्सीच्या हातून ३-१ असा गेला. सोमवारी सकाळी चहाच्या टपरीवर भाऊ आणि सर दोघंही आपणच जिंकल्यासारखे बसले होते, आणि दोघांचंही खोटं नव्हतं.

पुढचं सगळ्या जगाला माहीत आहे. ऑक्टोबरपासून मार्चपर्यंत २४ सामने टोरेसचा गोल नाही. ४ मार्च २०१२ ला व्हिलास-बोआसला काढलं. दोनच आठवड्यांनी टोरेसनं लेस्टरविरुद्ध दोन मारले, एप्रिलमध्ये बार्सिलोनाच्या मैदानावर अगदी शेवटच्या मिनिटाला एक. मेमध्ये म्युनिकला बायर्नच्या घरी चेल्सीची चॅम्पियन्स लीगची फायनल, म्हणजे आमच्या जर्मनी गटाच्या घरचंच कार्य. त्या रात्री वीज गेली नाही, ही एक वेगळीच नवलाई.

त्या सप्टेंबरच्या मेळाव्यात सरांनी ‘पुनर्विचार याचिका’ आणली. पुरावा एकच, चेल्सीनं जिंकलेली ती फायनल. ८८ व्या मिनिटाला द्रोग्बानं हेडरनं बरोबरी केली ती कॉर्नरवरून. चेल्सीला सबंध सामन्यात मिळालेला तो एकच कॉर्नर. ‘तो कॉर्नर कुणी मिळवला?’ सरांनी विचारलं आणि उत्तरासाठी थांबले. बदली म्हणून आलेल्या टोरेसनं. हॉलमध्ये टाळ्यांचा कडकडाट झाला आणि अचानक सगळेच २०११ मध्ये टोरेसच्या बाजूनं असल्याचं निघालं. मतदानाचा कागद माझ्या फाईलला लावलेला आहे, मी कुणाचं नाव काढत नाही. भाऊ मात्र शब्दाला जागले. ‘बनी तो बनी, नहीं तो परभणी,’ म्हणाले, ‘त्याची बनली. पण साडेतीनशे कोटीचा येक कॉर्नर महागच पडला, माय लॉर्ड.’

२०१५ ला १७ सप्टेंबरलाच गणेश चतुर्थी आली. त्यात दुष्काळाचं वर्ष. वर्गणी मागायची नाही असं ठरलं, जेवण रद्द करून फक्त सुशीला (भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा नाश्ता) आणि चहा ठेवला, आणि जेवण नाही म्हटल्यावर उपस्थितीचं काय झालं ते मी आकड्यात सांगणार नाही. स्थापनेची कारणं खरी होती, मान्य. पण काही जणांकडे गणपती बसतच नाही हे मला ठाऊक आहे.

जे आले त्यांनी मात्र आमच्या मंडळाचा सगळ्यात चांगला खटला पाहिला. आरोपी क्रमांक दोन होता मोरिन्हो. मे महिन्यात चेल्सीला विजेतेपद देणारा माणूस, आणि सप्टेंबरमध्ये पाच सामन्यांत चार गुण. आरोपी क्रमांक एक दिएगो कोस्टा, आदल्या हंगामात लीगमध्ये २० गोल आणि आता बॉलपेक्षा समोरच्या बॅकशीच जास्त भांडण. भाऊ बाजारात अडकलेले, म्हणून फिर्यादीला कृषी विद्यापीठात शिकणारी एक मुलगी उभी राहिली. आमच्या खटल्यात त्याआधी कुणी बाई बोललेली नव्हती, आणि ही आमची अभिमानाची गोष्ट नाही.

तिनं गुणतक्त्याला हातच लावला नाही. ऑगस्टमध्ये स्वान्सीविरुद्धच्या सामन्यात चेल्सीचा हझार्ड पडला, रेफरीनं बोलावलं म्हणून संघाच्या डॉक्टर इवा कार्नेरो मैदानात धावल्या. हझार्डला बाहेर जावं लागून काही मिनिटं एक गडी कमी झाला म्हणून मोरिन्होनं त्यांना चारचौघांत बोल लावला आणि मग संघाच्या बाकावरून दूर केलं. ‘जखमी माणसाकडे धावणं हे डॉक्टरचं काम आहे,’ ती म्हणाली. ‘आपल्या माणसांना जो सामना चालू असताना असं वागवतो, त्याचा संघ त्याच्यासाठी धावेल का?’ एवढंच बोलून ती खाली बसली.

सरांची पाळी. सर उठले, शिट्टी चाचपली आणि म्हणाले, ‘आरोपी क्रमांक दोनचं वकीलपत्र मी परत करतो. डॉक्टरीणबाईंच्या बाजूनं माझंबी मत धरा.’ मग कोस्टाच्या बाजूनं जेमतेम पाच मिनिटं बोलले, की अंगात रग असलेला स्ट्रायकर चिडतोच, त्याचा राग वळवणारा माणूस लागतो. एवढी वर्षं हरणारी प्रकरणं घेणाऱ्या माणसानं वकीलपत्र टाकलेलं मी तेव्हाच पाहिलं, आणि माझ्या मते ते त्यांचं सगळ्यात मोठं भाषण. बरोबर तीन महिन्यांनी, १७ डिसेंबरला, चेल्सीनं मोरिन्होला काढलं. पुढच्या कायमच्या मॅनेजरच्या पहिल्याच हंगामात कोस्टानं लीगमध्ये पुन्हा २० मारले आणि चेल्सी ९३ गुणांनी विजेती झाली. सरांनी त्याचा कधी उल्लेखही केला नाही. मीच सगळ्यांना सांगत फिरलो.

मधली काही वर्षं बरी गेली, काही नुसतीच गेली. ऑनलाईन मेळावाही एकदा झाला. त्यात न्यायाधीश आजोबांचा माईक शेवटपर्यंत बंद होता, म्हणून तो मी धरत नाही.

२०२४ ला तारीख पुन्हा आडवी आली, अनंत चतुर्दशी. बाहेर विसर्जनाचे ढोल, आत युनायटेडचा मॅनेजर टेन हाग आणि स्ट्रायकर रॅशफर्ड. रॅशफर्डचे एका हंगामात ३० गोल होते, पुढच्यात ८. सरांना आता उभं राहायला वेळ लागतो. ते बसूनच बोलले, आणि ढोल जवळ आले की थांबायचे, लांब गेले की पुन्हा सुरू. रॅशफर्डला शिव्या देणाऱ्यांतले निम्मे लोक त्याला पोरगा असल्यापासून बघतात, म्हणून त्यांना जास्त राग येतो, असं काहीसं म्हणाले. मिरवणुकीमुळे सगळं ऐकू आलं नाही याची मला अजून चुटपुट आहे. त्याच रात्री युनायटेडनं बार्नस्लीला ७-० हरवलं, त्यात रॅशफर्डचे दोन. टेन हाग मात्र ऑक्टोबरअखेर गेलाच. त्याला आम्ही आधीच दोषी ठरवलं होतं, नोंद आहे.

आता आभार. नावं घ्यायची नाहीत असा आमचा ठराव आहे. एका वर्षी तेव्हाच्या सचिवांनी सगळ्यांची नावं घेतली आणि जनरेटरवाल्या मामांचं राहिलं, तर पुढच्या वर्षी त्यांचा जनरेटर नेमका ‘दुसरीकडे बुक’ निघाला. म्हणून कामावरून लिहितो. मंडपवाले आणि त्यांची दोन पोरं. जनरेटरवाले मामा (मामा, पहिल्या दुसऱ्यातच लिहिलंय). २०११ ला रात्री साडेआठच्या सामन्यासाठी पाण्यात भिजत केबल जोडणारा केबलवाला, तो आता पुण्यात असतो. हॉल देणाऱ्या शाळेचे शिपाईकाका, किल्ली नेहमी त्यांच्याकडेच असते. पहाटे उठून सुशीला करणाऱ्या तीन काकू, आणि मुरमुरे भिजवून देणाऱ्या चौथ्या, ज्यांना कायम विसरलं जातं. पाण्याचे जार आणणारा रिक्षावाला. उर्दू शाळेतले मास्तर, जे खटल्याच्या मध्यंतरी शेर म्हणतात आणि आरोपीच्या नावाचं यमक जुळवतातच. मतमोजणी करणाऱ्या दोन बहिणी. माईकवाला, ज्याच्या शिट्ट्या सरांच्या शिट्टीपेक्षा जास्त वाजतात. चपला सांभाळणारी बारकी पोरं. आणि भाऊ, ज्यांच्याशिवाय सरांना हरायला कुणी मिळालं नसतं.

पुण्या-मुंबईच्या मंडळींना एक विनंती. ग्रुपवर ‘नक्की येतो’ असा अंगठा टाकायचा आणि सोळा तारखेला ‘पनवेल गाडीचं वेटिंग क्लिअर झालं नाही’ म्हणायचं, हे आता बंद करा. तिकीट जुलैतच काढा. ज्यांना थेट जेवणालाच यायचं असतं त्यांनी निदान खटला अर्ध्यावर असताना ताटं वाजवू नयेत, सरांचा आवाज आधीच बसलेला असतो. वर्गणी माझ्याकडे द्यायची, अध्यक्षांकडे नाही. ते खिशात ठेवतात आणि विसरतात. आभारात कुणी राहिलं असेल तर मला फोन करा, पण मेळाव्याच्या आधी.