पीएचडीची जागा शोधताना मी आधी ग्रँट शोधली

सुरुवात जाहिरातींपासूनच केली. यूरॅक्सेस आणि फाइंड-अ-पीएचडी या साइट्सवर माझ्या विषयाचे अलर्ट लावले. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी थेट विभागाकडे अर्ज जातो आणि मुदत डिसेंबरच्या आसपास संपते. नेदरलँड्स, स्वीडन, जर्मनीत मात्र पीएचडी म्हणजे बऱ्याचदा रीतसर पगारी नोकरी. ती वर्षात कधीही निघते.

पण खरा रस्ता सापडला तो शोधनिबंधांच्या शेवटच्या पानावर. तिथे आभाराच्या परिच्छेदात पैसा कुणी दिला ते असतं, आणि सोबत ग्रँटचा क्रमांक. युरोपीय संघाची ग्रँट असेल तर तो क्रमांक कॉर्डिस या संघाच्या संशोधन प्रकल्पांच्या साइटवर टाकायचा. प्रकल्प कधी सुरू झाला, कधी संपणार, सगळं समोर येतं. संशोधनाला पैसा देणाऱ्या संस्थांपैकी जर्मनीच्या डीएफजीची गेप्रिस आणि अमेरिकेतल्या एनएसएफची अवॉर्ड सर्च या साइट्स याच कामाच्या. युरोपियन रिसर्च कौन्सिलची स्टार्टिंग ग्रँट पाच वर्षांपर्यंतची असते. ती नुकतीच मिळालेल्या प्राध्यापकाला माणसं हवी असतात. तोच प्रकल्प चौथ्या वर्षात असेल तर सहसा जागा भरलेल्या असतात, म्हणून अशी नावं मी यादीतून सरळ काढून टाकली.

मेल छोटा ठेवला. विषयात प्रकल्पाचं नाव, मग त्यांच्या ताज्या पेपरमधला एक नेमका प्रश्न, त्याच्याशी जुळणारं माझं एमएस्सीचं काम, आणि शेवटी सरळ विचारणा: या प्रकल्पात येत्या वर्षी जागा निघणार आहे का? बऱ्याच जणांचं उत्तर आलं नाही. काहींनी ‘आमच्याकडे नाही’ म्हणत दुसऱ्या गटाचं नाव सुचवलं, आणि ते फार मोलाचं ठरलं.

युरोपीय संघाच्या पैशातून चालणाऱ्या मेरी क्युरी डॉक्टरल नेटवर्कच्या पीएचडी जागा जरूर बघा. भरतीआधीच्या 36 महिन्यांत, जागा ज्या देशात आहे तिथे 12 पेक्षा जास्त महिने राहिलेल्यांना त्या मिळत नाहीत, त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला खरी संधी असते.

ऑफर आली तरी मी आधी त्या लॅबमधल्या विद्यार्थ्यांशी बोलत असे. गाईड किती वेळा भेटतात? करार संपला आणि प्रबंध राहिला तर पगाराचं काय? एका ठिकाणी दुसऱ्या प्रश्नावर सगळेच गप्प झाले. ती ऑफर मी नाकारली, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

मिळालेल्या जागेची जाहिरात प्राध्यापकांशी माझं बोलणं झाल्यावर काही आठवड्यांनी निघाली. निवड पॅनेलसमोर, रीतसर झाली. तोवर प्रकल्पाची कॉर्डिसवरची सगळी माहिती आणि त्या गटाचे पेपर माझे वाचून झाले होते.