लिंबूटिंबू प्रेक्षक

आपल्याकडे ‘जेवलात का?’च्या खालोखाल विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘स्कोअर काय झाला?’ लिफ्टमध्ये, न्हाव्याकडे, एकदा तर स्मशानात लाकडं रचली जात असताना खालच्या आवाजात मला हा प्रश्न विचारला गेलाय. क्रिकेट कळत नाही असं चारचौघांत कबूल करायची सोय नाही, म्हणून मी दोन उत्तरं पाठ केली आहेत. ‘पिचवर आहे सगळं’ आणि ‘मधल्या ओव्हर्समध्ये रन निघायला हवेत.’ गेली तीस वर्षं या दोन वाक्यांवर माझं निभावलंय. एकदाच फजिती झाली. सामना फुटबॉलचा होता.

याचं मूळ गल्लीत आहे. तिथे मी कायमचा लिंबूटिंबू. म्हणजे नाही घेतलं तर घरी जाऊन भोकाड पसरेल म्हणून घेतलेला. लिंबूटिंबूला दोन्ही टीमकडून फील्डिंग असते, तो आऊट झाला तरी आऊट नसतो आणि चेंडू गटारात गेला की सगळ्यांना अचानक त्याची आठवण येते. बाकीच्या पोरांच्या लहानपणात वन टप्पा आऊटवरून झालेली भांडणं आहेत, माझ्या लहानपणात गटार आहे.

पण सिनेमा खेळाचा असला की मी तिकीट काढून जातो, आणि घरात सगळ्यांत आधी माझेच डोळे भरून येतात. बायकोला याची गंमत वाटते. ती खरं क्रिकेट बघणारी. तिचं म्हणणं, ‘मॅच लागली की पेपर घेऊन बसतोस आणि खोट्या मॅचला रडतोस.’

पहिल्यांदा हे घडलं २००१ मध्ये, ‘लगान’ बघताना. पावणेचार तासांचा सिनेमा, त्यातला मोठा भाग म्हणजे गावकरी आणि इंग्रज यांच्यातला एक सामना. खरा सामना मी पावणेचार मिनिटं बघत नाही. तरी शेवटच्या चेंडूला पाच धावा हव्या असताना समोर कचरा नावाचा गावकरी आहे आणि नायक भुवन पलीकडच्या टोकाला अडकलाय, हे बघून मी खुर्चीत अर्धा उभा होतो. कचऱ्याला एकच धाव मिळाली, मला वाटलं संपलं. तेवढ्यात पंचाने हात आडवा केला. नो बॉल म्हणजे काय हे मला त्या दिवशी कळलं, तेही का कळलं तर हरलं असतं तर तिप्पट लगान भरावा लागणार होता आणि जिंकलं तर तीन वर्षं माफ. धावांचा हिशेब मला कधी जमला नाही, पण धान्याच्या पोत्यांचा जमतो. सिनेमाने माझ्यासाठी धावा पोत्यांत मोजून दाखवल्या.

बाहेर पडल्यावर बरोबरचा मित्र म्हणाला, ‘अरे, सिनेमा घडतो १८९३ साली, तेव्हा इंग्लंडात ओव्हर पाच चेंडूंची होती. आणि नुसती बाउंड्री ओलांडली म्हणून सिक्स मिळत नसे, चेंडू मैदानाच्या बाहेर जावा लागे. तो नियम बदलला १९१० ला.’ म्हणजे भुवनचा तो फटका, जो इंग्रज कप्तानाने सीमारेषेपलीकडे जाऊन झेलला, तो त्या काळच्या नियमाने चौकारच होता तर. मित्राचं ज्ञान खरं आहे, मी नंतर ताडून पाहिलं. पण त्या ज्ञानाने त्याच्या हाती काय लागलं? माझ्या हाती एक वाचलेलं गाव लागलं. बटाटेवडे त्याने दिले एवढंच.

मैदानात माझी अडचण नियमांची नसतेच. तिथे पंधरा माणसं हिंडत असतात आणि मी कुणाकडे बघायचं ते कुणी सांगत नाही. सिनेमा ते सांगतो. ‘चक दे! इंडिया’ हा हॉकीचा सिनेमा दीड तास आधी सांगून ठेवतो की ही जी गोलकीपर आहे ना, हिच्या सासरी काय म्हणतात ते ऐक. मग पेनल्टी घेणारी समोर येते तेव्हा मी चेंडूकडे बघतच नाही. त्यातच प्रशिक्षकाचं ते प्रसिद्ध भाषण आहे, सामन्याच्या सत्तर मिनिटांबद्दलचं. हॉकीचा सामना आता पंधरा-पंधराच्या चार डावांत, साठ मिनिटांचा झालाय. नव्या पोरीला दहा मिनिटं कमी मिळतात, हे मला त्या सिनेमामुळे जाणवतं. नाहीतर हॉकी किती मिनिटांचं असतं हे मला कुठे ठाऊक होतं!

‘दंगल’ मी आईबरोबर बघितला. आईचं माहेर कोल्हापूरकडचं. आजोबा जत्रेच्या फडाला हमखास जायचे आणि घरात कुस्तीवरच बोलायचे. पण बायका त्या फडाकडे फिरकत नसत. आईने आयुष्यभर हलगी ऐकली ती परसातून. तिला शब्द सगळे माहीत होते, शड्डू, चीतपट, निकाली. बघितली मात्र एकही कुस्ती नव्हती. पडद्यावर मॅट बघून ती म्हणाली, ‘माती कुठाय?’ मग गुण मोजायला लागले तेव्हा, ‘पाठ लागल्याशिवाय कुस्ती संपली कशी रे?’ मला काही सांगता येईना. सिनेमाच सांगत होता: वडील मुलीला पाच गुणांचा डाव आधीच समजावून ठेवतात, म्हणजे शेवटी तिने तो मारला की आईसारखीलाही कळावं किती मोठं काम झालं. २०१० च्या दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेतली गीता फोगटची खरी फायनल एवढी चुरशीची नव्हती आणि वडिलांना कुणी खोलीत कोंडलंही नव्हतं. हे मी आईला घरी आल्यावर सांगितलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच कोंडलं होतं. मग म्हणाली, ‘बाबांना दाखवायला हवं होतं.’ गुण, डाव, मॅट या कशाबद्दल ती बोलत नव्हती. मुली कुस्ती खेळतात, हे दाखवायला हवं होतं.

सगळेच खेळपट असे उघड्या दाराचे नसतात, हेही सांगायला हवं. काही सिनेमे चाहत्यांनी चाहत्यांसाठी केलेले. नुसती जर्सीची पाठ दिसली तरी हॉलमध्ये शिट्ट्या, आणि मी अनोळखी लग्नात जेवायला बसल्यासारखा वाढप्याकडे बघतोय. टायर ओढत धावणारा नायक आणि मागे ढोलताशे, याचाही मला आता कंटाळा आलाय. उलट ‘झुंड’ बघा. २०२२ चा, नागपूरच्या झोपडपट्टीतल्या पोरांचा. फुटबॉलचा मोठा सामना मध्यंतराच्या आसपास उरकतो आणि नंतर बराच वेळ पासपोर्टला लागणाऱ्या कागदांचा सामना चालतो. सरकारी खिडकीसमोर मीही उभा राहिलोय. तो खेळ मला पक्का येतो.

१९८३ च्या क्रिकेट विश्वचषकावरच्या ‘८३’ला मात्र मला वेगळंच काही मिळालं. सुरुवातीला एकेक खेळाडू येतो तसा हॉल टाळ्या वाजवत होता आणि बायको माझ्या कानात नावं सांगत होती. मग टनब्रिज वेल्सचा सामना आला. १८ जून १९८३, समोर झिंबाब्वे, आपले १७ धावांत पाच गेलेले. ‘सतरा म्हणजे कमी का?’ असं मी विचारलं, ते पुढच्या रांगेतल्या दोघांनी वळून ऐकलं. कपिल देवने नाबाद १७५ केल्या, आपण ३१ धावांनी जिंकलो. आणि त्या सामन्याचं चित्रण झालेलंच नाही. म्हणजे हॉलमध्ये शिट्ट्या मारणाऱ्या त्या साऱ्या जाणकारांनीही ती खेळी कधी पाहिली नव्हती! त्यांनी ती ऐकली होती, आईने ऐकलेल्या हलगीसारखी. तेवढा अर्धा तास अख्खा हॉल लिंबूटिंबू होता. मी बायकोकडे वळून बघितलं तर ती रडत होती. मी काही बोललो नाही. संसारात काही गोष्टी जपून ठेवाव्या लागतात.

या सिनेमांनी मला खेळाची गोडी लावली का? नाही. प्रयत्न केला. परवा समोरच्या ब्लॉकमधल्या काकांकडे सगळे जमले होते, मीही भेळ घेऊन गेलो. तासाभराने ड्रिंक्स ब्रेक झाला. एक पोरगा बाटल्या आणि टॉवेल घेऊन धावत आत आला, दोघांच्या हातात दिल्या आणि तसाच धावत परत गेला. मी विचारलं, ‘काका, हा कोण?’

‘तो? तो आज टीममध्ये नाहीये.’

‘मग घरी का नाही गेला?’

सगळे हसले. काका हसले नाहीत. ते वैतागून माझ्याकडे वळले आणि सांगायला लागले, की असे पोरगे अख्खा दौरा पाणी देत काढतात, फील्डिंगला आत येतात, पकडलेला कॅच मोजला जातो पण बॅटिंग मिळत नाही. आणि मग सांगितलं, की ते स्वतः ऑफिसच्या टीममध्ये दोन सीझन असेच बारावे होते. दोन्ही सीझन पांढरी पँट घरून इस्त्री करून नेली होती. मी खुर्ची जवळ ओढली. ‘मग?’

तेवढ्यात खोलीत केवढा तरी आरडाओरडा झाला. विकेट गेली होती. कुणाची, ते काकांनीही पाहिलं नाही.