पहाटेचे साडेपाच तास

भोगीच्या दुपारी, सोलापुरात सिद्धेश्वर यात्रेतल्या अक्षता सोहळ्यासाठी, म्हणजे सिद्धेश्वरांच्या प्रतीकात्मक लग्नासाठी, तलावाकाठी संमती कट्ट्याभोवती माणसांचा महापूर लोटलेला असताना, रेल्वे स्थानकाजवळच्या एका लॉजमधून मला फोन आला, की बारा नंबरच्या खोलीत एक कुटुंब झोपलेले आहे आणि त्याच खोलीचे पैसे भरलेले दुसरे कुटुंब सामानासह दारात उभे आहे. थोड्याच वेळात कळले, की असा घोळ एका नव्हे, पाच खोल्यांचा झाला होता.

मी त्या वेळी केगावला विद्यापीठात संगणकशास्त्रात एम.एस्सी. करत होते आणि तास संपले की चार माणसांच्या एका लहान सॉफ्टवेअर कंपनीत काम करत होते. अक्कलकोट, तुळजापूर, पंढरपूर, गाणगापूर अशा चहूबाजूंच्या देवस्थानांना जाणारी माणसे सोलापुरात मुक्काम करतात, आणि १० फेब्रुवारी २०२३ला मुंबईहून वंदे भारत सुरू झाल्यापासून ही ये-जा मला डोळ्यांनी दिसेल इतकी वाढली होती. वर्षानुवर्षे वहीवर चाललेल्या लॉजना आता ऑनलाइन बुकिंग हवे होते. बरोबरची मुले पुण्याला गेली तरी मी इथे थांबले, ते याच कामाच्या भरवशावर, आणि या लॉजच्या बुकिंगचा भाग मी स्वतः लिहिला होता.

नंदीध्वजांच्या, म्हणजे यात्रेतल्या उंच मानाच्या काठ्यांच्या, मिरवणुकीमुळे रस्ते बंद होते, म्हणून सात रस्ता चौकापासून मी चालतच निघाले. पोहोचले तेव्हा पायरीवर कलबुर्गीहून आलेल्या एक आजी बसल्या होत्या, आणि रात्रपाळीचे काका घरी न जाता त्यांच्याशी कानडीत बोलत होते. मालकांनी मला रागावून काही म्हटले नाही; त्यांनी फक्त खुर्ची पुढे केली.

दोन मोबाइलवरून एकाच क्षणी एकच खोली बुक झाली असावी, असा माझा पहिला अंदाज होता. सॉफ्टवेअरने आपोआप ठेवलेली नोंदींची यादी, म्हणजे लॉग, उघडून पाहिला तेव्हा तो अंदाज खोटा ठरला, कारण बारा नंबरच्या दोन नोंदींमध्ये तब्बल सहा तासांचे अंतर होते. आधीची नोंद काउंटरवरच झालेली होती, तरीही दुसऱ्या नोंदीच्या वेळी सॉफ्टवेअर ती खोली रिकामी दाखवत होते. मी त्याच त्या ओळी पुन्हा पुन्हा वाचत राहिले, तेव्हा काका म्हणाले, "ताई, वही बघा की. वहीत सगळं हाय."

सॉफ्टवेअर येऊन चार महिने झाले तरी काकांनी वही सोडलेली नव्हती. लाल पुठ्ठ्याच्या त्या लांबट वहीत प्रत्येक पाहुण्यापुढे खोलीचा नंबर, गाव आणि येण्याची वेळ होती. घोळ झालेल्या पाचही खोल्यांच्या वेळा मी बोट ठेवून वाचल्या: ३.५०, ४.१०, ४.१५, ४.४०, ५.०५. सगळ्या पहाटेच्या, आणि सगळ्या साडेपाचच्या आतल्या.

आमचा सर्व्हर जागतिक प्रमाणवेळेवर चालत होता आणि ती वेळ भारतीय वेळेच्या साडेपाच तास मागे असते. काकांनी १४ तारखेच्या पहाटे "आज" हे बटण दाबले, तेव्हा सर्व्हरच्या लेखी १३ तारीखच चालू होती. त्याने ती खोली आदल्या रात्रीसाठी दिली, दुपारी बारापासून ती मोकळी धरली आणि कलबुर्गीहून निघालेल्या कुटुंबाला सकाळी पुन्हा विकली. एरवी लॉज निम्मे रिकामे असते, त्यामुळे ही चूक चार महिने झाकून राहिली. यात्रेने ती एका दिवसात उघडी पाडली. वेळक्षेत्र ठरवण्याची ती एक ओळ मी लिहायला हवी होती, हे मी मालकांना तिथेच स्पष्ट सांगितले.

तोवर बारा नंबरमधल्या मंडळींनी आजींना आत नेऊन पलंगावर झोपवले होते. मालकांनी ओळखीच्या लॉजमध्ये तीन खोल्या मिळवल्या आणि उरलेल्या दोन कुटुंबांना स्वतःच्या घरी नेले. त्यांच्या भाड्याचे पैसे आमच्या कंपनीने परत केले, आणि ते योग्यच होते.

वेळक्षेत्राची दुरुस्ती दहा मिनिटांत झाली. नंतरच्या प्रश्नाने मला रात्रीपर्यंत बसवले, कारण घड्याळ बरोबर असले तरी पहाटे चारला आलेल्या माणसाची रात्र कोणती, हे तारखेवरून कळत नाही: कोणी आंघोळ करून नऊ वाजता तुळजापूरला निघतो, तर कोणी दुसऱ्या दिवसापर्यंत राहतो. काका मात्र हे प्रत्येक पाहुण्याला विचारत होते आणि वहीत "दुपारपर्यंत" किंवा "मुक्काम" असे लिहीत होते. मी "आज" हे बटण काढून टाकले आणि त्या जागी काकांचे हेच दोन शब्द ठेवले.

त्या रात्री मी घरी कळवून, वहिनीला सोबत घेऊन काउंटरमागेच थांबले. पहाटे चारच्या सुमारास विजयपूरचे एक जोडपे आले. काकांनी विचारले, त्यांनी "मुक्काम" म्हटले, आणि पडद्यावर नोंद उमटली: खोली सात, १५ ते १६ जानेवारी. काकांनी तीच नोंद वहीत उतरवली आणि दोन्ही जुळतात का, ते मला वाचून दाखवायला सांगितले.