सिरपूरला वटवट्यांच्या मागावर

जानेवारीतला रविवार, इंदूरच्या धार रोडवरचा सिरपूर तलाव. २०२२ पासून रामसर यादीत, म्हणजे जागतिक महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, असलेली ही जागा. सगळ्या लेन्स बदकांवर रोखलेल्या. वटवटे (वॉर्ब्लर, झाडाझुडपांतले चिमुकले पक्षी) हवे असतील तर पाण्याकडे पाठ करून काठच्या बाभळींत शिरा.

सव्वासातला उजाडलं, तरी पावणेआठपर्यंत फोटोजोगा उजेड नव्हता. तेवढा वेळ नुसते कान लावायचे. झुडपातून, जीभ टाळ्यावर आपटल्यासारखं 'चक्… चक्' आलं की ब्लिथचा वटवट्या. शेंड्याकडून दोन तुकड्यांत 'चिस्-ली' आलं की ग्रीनिश वटवट्या. छोटा शुभ्रकंठी (हाही वटवट्याच) 'टेक्' करतो. राखी डोकं, गडद गाल, पांढरा गळा, त्यामुळे दिसला की प्रश्न मिटला.

खरा घोळ ग्रीनिश आणि चिफचॅफ या दुसऱ्या वटवट्याचा. पुस्तकातल्या ग्रीनिशच्या पंखावर फिकट पट्टा असतो, पण हिवाळा सरता सरता तो झिजतो, कधी दिसतही नाही. रंगावर तर विसंबूच नका: पानांतून गाळून आलेला उजेड तपकिरी पक्ष्यालाही हिरवा करतो. चोच बघा. चिफचॅफची बारीक, काळी आणि पायही काळे; ग्रीनिशची खालची चोच फिकट नारिंगी, भुवई लांब नि ठसठशीत. म्हणून एका देखण्या फोटोमागे न लागता बाजूने, खालून, पाय दिसतील असे चार-पाच फोटो घ्या.

४०० मिमीची लेन्स, शटर १/१२५०, ऑटो आयएसओला (उजेड टिपण्याची संवेदनशीलता) ३२०० ची मर्यादा, फाइल रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली). डोळा ओळखणारा फोकस काट्यांत हमखास फसतो, तेव्हा एकच पॉइंट ठेवा. मागे आकाश असेल तर एक्स्पोजर +१ (एक पायरी उजळ), नाहीतर पक्षी कोळसा. हीटर लावलेल्या गाडीतून काढलेली लेन्स पहिली दहा-पंधरा मिनिटं मऊ, म्हणजे धूसर, फोटो देते. हुडमधली ऊबदार हवा थरथरत असते. दोष लेन्सचा नव्हे.

नऊनंतर पाणकणसाच्या कडेच्या चिखलात ब्लूथ्रोट, निळ्या गळ्याचा छोटा पक्षी. शेपूट पसरली की बुडाशी तांबूस. निळा गळा शोधत बसाल तर मादी हातची जाईल: तिच्या पांढरट गळ्याखाली काळ्या ठिपक्यांची माळ असते. पाठलाग केला तर तो आत घुसतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरून बसलात तर बहुधा त्याच फटीतून परत बाहेर येतो. मोबाईलवर आवाज वाजवून बोलावणं मात्र नको.

साडेदहाला झुडपं गप्प झाली. पोहे-जलेबी तोवर राखून ठेवा.