व्हेनिस आणि ॲमस्टरडॅम: पाण्याखालचं लाकूड

ॲमस्टरडॅमला 'उत्तरेचं व्हेनिस' म्हणतात ते कालव्यांमुळे. मला मात्र या शहरांचं खरं नातं इमारतींच्या पायात दिसतं. दोन्ही शहरं चिखलात ठोकलेल्या लाकडावर उभी आहेत.

ॲमस्टरडॅममध्ये वजन पेलणारी वाळू साधारण १२ मीटर खाली लागते, म्हणून लांब ओंडके थेट तिथवर ठोकले. डाम चौकातल्या राजवाड्याखाली असे १३,६५९ आहेत. व्हेनिसचे ओंडके आखूड, पण एकमेकांना खेटून ठोकलेले. त्यामुळे चिखलच दाबून घट्ट होतो. वर जाड फळ्या, त्यावर एड्रियाटिक किनाऱ्यावरच्या इस्त्रिया भागातला पांढरा दगड आणि मग विटा.

पाण्यात पूर्ण बुडालेल्या लाकडाला प्राणवायू मिळत नाही, म्हणून बुरशी लागत नाही. जिवाणू पोखरतात, पण फार सावकाश. दुखणी मात्र उलटी आहेत.

ॲमस्टरडॅमला पाणी उतरण्याची भीती. कोरडा उन्हाळा किंवा गळकं गटार भूजल ओढून घेतं, ओंडक्यांची डोकी उघडी पडतात, कुजतात आणि घर खचतं. मग घराच्या आतून लोखंडी पाईल, म्हणजे खांब, जमिनीत दाबून बसवायचे आणि त्यावर भिंतींत गुंतवलेला काँक्रीटचा स्लॅब टाकायचा. खर्च प्रचंड, म्हणून तिथे जुनं घर घेताना पायाचा अहवाल मागावाच. कालव्यांचे धक्के, म्हणजे काठाच्या भिंतीही, लाकडावरच आहेत. सप्टेंबर २०२० मध्ये ग्रिमबुर्गवाल कालव्याचा धक्का कोसळला.

व्हेनिसला पाणी चढण्याची भीती. इस्त्रियाचा दगड ओल वर चढू देत नाही, पण भरती त्याच्या वर गेली की खारं पाणी विटेत शिरतं. वाळताना मिठाचे स्फटिक वाढतात आणि वीट भुगा होऊन गळते. आपल्याकडे भिंतीला लोणा लागतो, तसंच. १२ नोव्हेंबर २०१९ ला पाणी भरती मोजण्याच्या ठरावीक शून्य पातळीपासून १८७ सेंटिमीटरवर गेलं होतं. ऑक्टोबर २०२० पासून समुद्र आणि व्हेनिसभोवतालचं खाजण यांच्यामधल्या 'मोसे' या अडसराचे ७८ दरवाजे मोठी भरती अडवतात. ते साधारण ११० सेंटिमीटरचा अंदाज असला की उचलतात. सान मार्को चौक त्याच्या बराच आधी भिजू लागतो. म्हणून तिथल्या बॅसिलिकाभोवती काचेची वेगळी भिंत घालावी लागली. दरवाजे दर वेळी लावून भागणारही नाही, कारण खाजणाचं पाणी भरती-ओहोटीनेच बदलतं आणि बंदरातली जहाजंही खोळंबतात.

व्हेनिसमध्ये पांढऱ्या दगडाच्या वरच्या विटा पाहा: पापुद्रे सुटलेत का, शेवाळ कुठवर चढलंय. ॲमस्टरडॅममध्ये रस्त्याकडे झुकलेली दर्शनी भिंत बहुधा मुद्दाम तशी बांधलेली असते, छताजवळच्या लोखंडी आकड्याने वर ओढलेला माल भिंतीला घासू नये म्हणून. घर शेजारच्या बाजूला कललेलं असेल, खिडक्यांच्या चौकटी तिरक्या असतील आणि विटांच्या सांध्यांतून पायऱ्यांसारखी भेग गेली असेल, तर दुखणं पायात आहे.