मायलेज गेलं कुठं?

गाडीच्या स्क्रीनवरचा मायलेजचा आकडा हल्ली बघवत नाही. सर्व्हिस सेंटरवाला म्हणतो टायरमधली हवा चेक करा, क्लचवर पाय ठेवू नका, म्हणजे दोष चालवणाऱ्याचाच. अहो पण पेट्रोलच बदललंय ना! 2025 पासून जवळपास सगळ्या पंपांवर ई20 मिळतंय, म्हणजे 20 टक्के इथेनॉल (ऊस-धान्यापासून काढलेलं अल्कोहोल) मिसळलेलं पेट्रोल, आणि लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, मग गणित सरळ आहे, लिटरमागे सहा-सात टक्के ऊर्जा गायब. ऑक्टेन (इंजिनात ठोके न पडता जळण्याची इंधनाची क्षमता) वाढतो हे खरं, पण त्याचा फायदा घ्यायला इंजिन तसं ट्यून केलेलं पाहिजे, माझ्या जुन्या डब्याला त्याचं काय कौतुक? (वर इथेनॉल पाणी शोषतं, पावसाळ्यात गाडी नुसती उभी राहिली की ते एक वेगळंच टेन्शन.)

कोल्हापूर-सांगलीच्या ऊसवाल्यांना पैसे मिळतायत, तेलाची आयात कमी होतेय, त्याला विरोध नाहीच. फक्त जुन्या गाडीवाल्यांना बिनइथेनॉलच्या पेट्रोलचा पर्याय द्या की राव! हीच मागणी घेऊन सुप्रीम कोर्टात याचिका गेली होती, सप्टेंबर 2025 मध्ये ती फेटाळली. आणि भाव? तो ऊर्जेवर थोडीच, लिटरवर!