दाढ काढायची कधी, आणि कोणत्या हत्याराने

कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचली म्हणून दाढ काढायलाच हवी असं नाही. वरचा भाग पुरेसा शिल्लक असेल तर रूट कॅनॉल करून, कॅप बसवून ती टिकते. काढावी लागते ती हिरडीखाली खोलवर किडलेली, मूळ उभं चिरलेली, किंवा भोवतीचं हाड झिजून वरखालीही हलायला लागलेली. आडवी अडकून वारंवार सुजणारी अक्कलदाढ या यादीत येतेच. तारा लावण्याआधी कधीकधी चांगल्या उपदाढाही (सुळा आणि दाढ यांच्यामधले दात) काढतात, जागा करायला. वरची दाढ काढली की नजर अधू होते, ही भीती मात्र सोडून द्या. डोळ्याच्या नसेचा तिच्याशी संबंध नाही.

भुलेसाठी साधारणपणे 2 टक्के लिग्नोकेन, त्यात थोडं अॅड्रेनलिन. खालच्या दाढेसाठी सुई जबड्याच्या आत, नसेजवळ द्यावी लागते. खालचा ओठ त्या बाजूला जड पडेपर्यंत थांबायचं. घाई केली तर पेशंट ओरडणार. पू झालेल्या जागी भूल नीट चढत नाही, कारण तिथली आम्लता औषधाला निकामी करते.

मग आधी हिरडी सोडवून घ्यायची, नाहीतर दाढेबरोबर तीही फाटत येते. त्यानंतर एलिव्हेटर, म्हणजे दात उचकटून सैल करायचं हत्यार. त्याचं पातं दात आणि हाड यांच्या फटीत सारून हळूहळू फिरवायचं. टेकू हाडाचा घ्यायचा, शेजारच्या दाताचा घेतला तर तोही हलतो. खालच्या दाढेचं एकच मूळ आत राहिलं, तर त्रिकोणी टोकाचा क्रायर नावाचा एलिव्हेटर शेजारच्या, निघालेल्या मुळाच्या रिकाम्या खोबणीत घालून वळवला की ते उचललं जातं.

फोरसेप, म्हणजे दात पकडायचा चिमटा, ओढायला नसतो, खोबण रुंद करायला असतो. वरच्या दाढेचे फोरसेप डावा आणि उजवा वेगळे असतात. एका चोचीला मधोमध टोक असतं, ते गालाच्या बाजूला, कारण तिथे दोन मुळांची बेचकी असते. टाळूकडे एकच मूळ, म्हणून ती चोच गोल. खालच्या दाढेला एक मूळ पुढे, एक मागे. दोन्ही चोचींना टोक, आणि तोच फोरसेप दोन्ही बाजूंना चालतो.

सर्रास होणारी चूक म्हणजे दाताचा दिसणारा भागच पकडणं. तो तुटतो आणि मुळं आत राहतात. चोची आधी हिरडीखाली मुळाकडे दाबायच्या, मग गालाकडे आणि आतल्या बाजूला सावकाश झुकवायचं. वरच्या पुढच्या दाताला मूळ गोल, तो फिरवून निघतो. वरच्या पहिल्या उपदाढेला बहुतेकदा दोन बारीक मुळं असतात. ती फिरवली की टोक मोडलंच. गुटख्याने तोंड दोन बोटंही उघडत नसेल, तर मागच्या दाढेपर्यंत फोरसेप नेणंच कठीण होऊन बसतं.

नंतर कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरायचा. 24 तास चूळ नाही, थुंकणं नाही, स्ट्रॉ नाही, मिश्री-तंबाखू तर नाहीच. खोबणीतली रक्ताची गुठळी निघाली की दोन-तीन दिवसांनी कानापर्यंत ठणका लागतो, तोंडाला वास येतो. हा नुसत्या अँटिबायोटिकने थांबत नाही. खोबण सलाइनने धुऊन युजेनॉलची (लवंगेच्या तेलातल्या औषधाची) पट्टी ठेवावी लागते आणि ठणका राहिला तर ती बदलावी लागते.